मलकारीमामा तपासून घेतात

आमच्याकडे लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर करतात. घेणारा माणूस टोपी डोक्यावर ठेवतो, टॉवेल खांद्यावर टाकतो, फोटोपुरता हसतो आणि स्टेजवरून खाली उतरतो. मलकारीमामा तसं करत नाहीत. ते टॉवेलची घडी मोडतात, दोन टोकं धरून तो मांडवातल्या दिव्यासमोर ताणतात आणि वरपासून खालपर्यंत सावकाश बघत जातात. मागे रांग खोळंबते. नवरदेव घामाघूम होतो. फोटोग्राफर कॅमेरा खाली करतो. मग मामा टॉवेलच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून यजमानांच्या कानाशी वाकतात आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "पावणं, माल सेकंडचा हाय. कुटनं घेतला?"

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात त्यांनी हे केलं, तेव्हापासून माझे काका त्यांच्याशी बोलत नाहीत. त्यात रागावण्यासारखं काय होतं, हे मामांना अजून समजलेलं नाही. "मी काय पोरीला सेकंड म्हनलो व्हय? टावेलला म्हनलो."

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. त्यांच्या आणि आमच्या घरामधली भिंत एक, इतकंच नातं. मूळचे ते मंद्रूपकडचे. घरी मेंढरं होती, थोडी कोरडवाहू जमीन होती. तरुणपणी सोलापुरात आले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात तपासणी खात्याला लागले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. काम एकच. खालून ट्यूबलाइट लावलेल्या काचेच्या टेबलावरून टॉवेल सरकवायचा. तुटका धागा, तेलाचा डाग, सुटलेली वीण दिसली की तिथे लाल बाणाचा छोटा स्टिकर चिकटवायचा. बाण नसलेला माल 'फ्रेश', बाण लागलेला 'सेकंड'. फ्रेश माल परदेशात जातो, सेकंड आठवडी बाजारात. मामांच्या मते जगात याहून तिसरा प्रकार नाही.

टेबल सुटलं, पण डोळे तिथेच राहिले. भाजीवाली त्यांना लांबून येताना बघते आणि वांग्यांवर पोतं टाकते. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, तेव्हा पुढारी नारळ फोडत होते आणि मामा गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून रस्त्याची पातळी बघत होते. खोड तशी जुनीच. स्वतःचं लग्न ठरवायला गेले, तेव्हाही त्यांनी मुलीला जरा दारातल्या उजेडात येऊन बसायला सांगितलं होतं. ती मुलगी म्हणजे आमच्या गवरामामी. मामी हे स्वतःच सांगतात आणि वर म्हणतात, "ह्येंनी मला उजेडात बघितलं, तवा ह्ये बी उजेडातच हुते की. मला जे दिसलं ते मी बोलले न्हाय, येवडाच फरक."

मला मामा 'इंग्लिश' म्हणतात. मला नाव आहे, पण मी इंग्लिश मीडियमला गेले आणि गल्लीतल्या सगळ्यांचे रक्ता-लघवीचे रिपोर्ट वाचायला माझ्याकडे यायला लागले, तेव्हापासून ते नाव मागे पडलं. मी शाळेत शिकवते, दुपारी घरी येते आणि फारसं बोलत नाही. मामांना हे शेवटचं पसंत आहे. "तुझं बरं हाय, इंग्लिश. तू ऐकून घेतीस. आमची मंडळी ऐकायच्या आदी उत्तर देती."

अशा माणसाला स्वतःच्या बाबतीत कित्येक महिने काही दिसलं नाही. किंवा दिसलं ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. शौचाला रक्त पडत होतं. मामा "उष्णता हाय, मूळव्याध आसंल" म्हणत सब्जा पीत राहिले. शेवटी एक दिवस मामींनी धुवायच्या कपड्यांतून पायजमा वेगळा काढला, माझ्या आईला आणून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो. दुर्बीण घातली, तुकडा काढला, तपासायला पाठवला. रिपोर्ट अर्थातच मी वाचला. गुदाशयाचा कॅन्सर. मी तो शब्द मराठीत कसा सांगायचा याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात मामा म्हणाले, "तुझ्या तोंडावरनंच कळलं गं. सेकंडमदी गेलो म्हन."

डॉक्टरांनी पुढचा क्रम सांगितला. आधी एमआरआय काढायचा, म्हणजे गाठ कुठे आणि किती खोल आहे ते कळेल. मग पाच आठवडे गोळ्या आणि किरणांचा शेक, ज्याला आमच्याकडे सगळे 'लाइट' म्हणतात. मग थोडे आठवडे थांबायचं, परत एमआरआय काढायचा, आणि तो बघून ऑपरेशन.

पहिल्या एमआरआयच्या वेळी तिथला टेक्निशियन मामांना धीर देत होता. "आजोबा, आत लई खडखडाट होतो. घाबरू नका." मामा आत गेले. थोड्या वेळाने तो मुलगा कपाळाला हात लावून बाहेर आला. "मॅडम, पेशंट घोरतोय. पोट हलतंय, फोटो फिसकटतोय." मामांना हलवून उठवलं आणि अर्धं काम पुन्हा केलं. बाहेर आले ते ताजेतवाने. "मागाचाच आवाज हाय गं ह्यो. खटाक खटाक. लई दिसांनी आशी झोप लागली. घरात लई शांत आसतंय."

मोठ्या पाकिटातल्या फिल्म त्यांनी माझ्या हातात दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या घेऊन ते थेट कारखान्यात गेले. आता हे सोलापूरबाहेरच्या माणसाला कदाचित पटणार नाही, पण तपासणी खात्यातल्या चौघांनी काम थांबवून मलकारीमामांच्या ओटीपोटाच्या फिल्म त्या काचेच्या टेबलावर पसरल्या, खालची ट्यूब लावली आणि नियमाप्रमाणे तपासल्या. डॉक्टरांकडे पाकीट उघडलं, तेव्हा फिल्मवर जागोजागी लाल बाण होते.

डॉक्टरांनी एका बाणावर बोट ठेवलं. "हे बाण कुणी लावले?"

"आमच्या खात्यानं," मामा अभिमानाने म्हणाले. "चौघांचं येकमत हाय. ह्ये दोन मोटे गोल डाग. येक हिकडं, येक तिकडं."

"मामा, हे तुमचे खुबे आहेत. मांडीच्या हाडांची टोकं. जन्मापासून आहेत."

"तरीच म्हनलं. येवडा मोटा डाग, आन् दोनीकडं येकाच मापाचा?"

"माणूस दोन्हीकडून सारखाच विणलेला असतो," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मामांनी त्या डॉक्टरांना फ्रेशमध्ये टाकलं.

मग डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने मधली एक करडी, अंगठ्याएवढी जागा दाखवली. तिथे एकही बाण नव्हता. मामा टेबलावर वाकले. "ह्यो? येवडासा?"

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. गाठ खाली आहे आणि शौच धरून ठेवणाऱ्या स्नायूला जवळजवळ टेकली आहे. शेकाने ती मागे सरकली, तर स्नायू वाचवून आतडं परत जोडता येईल. नाही सरकली, तर स्नायूसकट काढावं लागेल आणि शौचाची वाट पोटावर करून तिथे जन्मभर पिशवी लावावी लागेल. आत्ता काहीच सांगता येत नाही. शेकानंतर परत बघितलं की कळेल. नर्सने पिशवीचा नमुना आणून दाखवला, कशी चिकटवायची आणि कशी रिकामी करायची ते सांगितलं. मामांनी ती पिशवी सवयीने उजेडात धरली, शिवण तपासली आणि स्वतःच्याच हातात ठेवली. परत मागायची नर्सला आठवण राहिली नाही.

लाइटचे आठवडे मामांनी खेळीमेळीत काढले. शेवटी शेवटी बसायला त्रास व्हायचा, तर उभ्यानेच रांगेतल्या इतर पेशंटच्या टॉवेलांना नावं ठेवायचे. थांबायचे आठवडेही सरले आणि दुसऱ्या एमआरआयची तारीख आली. त्या दिवशी मामा म्हणाले, "मी न्हाय येत."

पहिल्यांदा वाटलं, ऊन आहे म्हणून. पुढच्या तारखेला म्हणाले, जेऊरचे पाहुणे यायचेत. पाहुणे आलेच नाहीत. मग मामींनी भिंतीपलीकडून मला हाक मारली.

"इंग्लिश, हिकडं ये गं जरा. सांग ह्येंना. डाक्टरचा फोन आलाय. बगितल्याबिगर कापायचं न्हाय म्हनत्यात."

"येकदा बगितलंय की!" मामा बाजेवरून म्हणाले. "जुन्या फोटोवरनं करा म्हनावं. मानूस त्योच हाय."

"मानूस त्योच हाय, गाठ तीच हाय का न्हाय ते बगायचंय. मीठ घेताना पिशवी चार बाजूनं बगताव. आन् हितं जीवाचं काम हाय तर नगं?"

"मीठ सेकंड निघालं तर दुकानदाराला परत देता येतंय," मामा म्हणाले. "ह्ये मी कुनाला परत देऊ?"

मामी म्हणाल्या, "तुमी जात न्हाय तर मी जाऊन झोपते त्या मशिनीत," आणि आत जाऊन भांडी आपटायला लागल्या.

मी डॉक्टरांना फोन केला. फोनवर बोलायचं असलं की मी आधी कागदावर वाक्यं लिहून ठेवते, पण त्यांनी ती वाचायची वेळच येऊ दिली नाही. म्हणाले, "शेकानंतर गाठ आकसते आणि त्या जागी व्रण राहतो. कुणाची अर्धी जाते, कुणाची दिसेनाशी होते, एखाद्याची हलतच नाही. जुन्या फोटोवर मी ऑपरेशन केलं, तर ते शेकाआधीच्या माणसाचं होईल. कदाचित जो स्नायू वाचला असता, तोच मी काढून टाकीन. जास्त लांबवूही नका. आणा त्यांना." मी हे सगळं जसंच्या तसं मामांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "फ्रेश डाक्टर हाय," म्हणाले, आणि कूस बदलली.

त्या दिवसांत त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. निवृत्तीनंतरही अधूनमधून कारखान्यात चक्कर असायची, ती बंद झाली. सकाळी मोरीत शिरले की अर्धा-अर्धा तास बाहेर यायचे नाहीत. उकाड्यातसुद्धा ढगळ सदरा घालायचे आणि चालताना एक हात पोटावर असायचा. एकदा भाजीवाली पोतं टाकायला विसरली, तर तिच्यासमोरून तसेच निघून गेले. ती घाबरून मला विचारत आली, "मामा बरे हायेत न्हवं?" मला वाटलं, माणूस खचला. आईला वाटलं, दुखणं वाढलं.

आणि एका सकाळी मी शाळेला निघाले होते, तर मामा दारात उभे. अंघोळ केलेले, भांग पाडलेले. "इंग्लिश, तारीक घे. आता चालतंय."

"काय झालं, मामा?"

"कुटं काय? बगून घिऊ म्हनलं येकदा."

एमआरआयला तोच टेक्निशियन होता. मामांना ओळखून हसला, कपडे बदलायला खोलीत घेऊन गेला, आणि लगेच परत आला तेव्हा हसत नव्हता. मामी खाली बिल भरायला गेल्या होत्या. "मॅडम, यांचं ऑपरेशन झालंय, हे तुम्ही सांगितलं नाही."

"झालेलंच नाही."

"मग पोटाला पिशवी कशी?"

मी पडद्याशी गेले. मामा निळा गाऊन घालून उभे होते. पोटाशी गाऊन जरा बाजूला धरलेला, आणि तिथे नर्सने दाखवलेला तो नमुना नीट, सरळ, एकही सुरकुती न पडता चिकटवलेला. आत काहीतरी करड्या रंगाचं भरलेलं होतं. मी झटकन मान वळवली.

"लाजतीस काय? ज्वारीच्या पिठाची आंबील हाय," मामा म्हणाले.

मी परत पिशवीकडे बघितलं.

"पाण्यानं अंदाज येत न्हाय गं. पानी लई सरळ आसतंय. म्हनून आंबील भरून बगितली. पयल्या दिशी सदऱ्यावर सांडली. दुसऱ्या दिशी पाटीला लागली, कशी गेली द्येव जाने. मग मोरीत दार लावून बसलो. आता भरलेली घिऊन चालतो, झोपतो, जिना चढतो. काडायची, धुवायची, परत लावायची. समदं जमतंय. म्हनून आज आलो."

"पण मामा, पिशवी लागेल असं अजून ठरलेलं नाही."

"म्हनून तर आदी शिकलो. ठरल्यावर शिकायला कोन दील? तुजी मामी म्हनंल, आना हिकडं, मी करते." त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "माज्या आईचं तिनं समदं काडलं. आंथरुणात. सालोसाल. तोंडातनं येक शबुद न्हाय. आता म्हातारपनी परत तेच तिच्या हातात दिऊ? तिला दावायच्या आदी माजं मला जमाय पायजे हुतं. बोलू नगंस तिला."

टेक्निशियन घसा खाकरून म्हणाला, "आजोबा, ती काढावी लागेल." मामांनी पाठ फिरवली, एका हाताने कातडी दाबत दुसऱ्या हाताने पिशवी वरून खाली अशी अलगद सोडवली, थेंब न सांडता बेसिनमध्ये ओतली, धुतली, झटकली आणि घडी करून त्याच्या हातात दिली. "ठिव संबाळून. येकच हाय." या खेपेला मशीनमध्ये ते झोपले नाहीत.

रिपोर्ट आल्यावर आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही वेळचे फोटो पडद्यावर शेजारी-शेजारी लावले. आधीच्यात ती करडी, अंगठ्याएवढी जागा होती. नंतरच्यात तिच्या ठिकाणी एक काळपट, बारीक रेघेसारखा व्रण होता. "व्रणात थोडी गाठ लपलेली असू शकते, ते फोटोतून छातीठोक सांगता येत नाही. म्हणून मी बोटाने आणि दुर्बिणीनेही तपासणार आहे, आणि ऑपरेशन करायचंच आहे. पण हे बघा." त्यांनी पेनाचं टोक व्रण आणि स्नायू यांच्यामध्ये ठेवलं. "इथे फट पडली आहे. जागा मोकळी झाली आहे. इतर तपासणीतही असंच दिसलं, तर स्नायू वाचेल. आतडं जोडू."

मामींनी डोळे मिटून हात जोडले. डॉक्टरांना, फोटोला की आणखी कुणाला, ते कळलं नाही.

"फक्त जोड भरून यायला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले. "तोवर काही महिने पोटावर पिशवी राहील. जन्मभराची नाही. नंतर ती आपण बंद करू."

मामांनी एकच प्रश्न विचारला. "त्यात पातळ येतंय का घट्ट?"

"पातळ. बऱ्यापैकी पातळ. का हो?"

"न्हाय, आसंच इचारलं."

मी फिल्म पाकिटात घालायला लागले.

परतताना रिक्षात मामा एका कडेला, मामी मध्ये आणि मी दुसऱ्या कडेला. मग मामी समोर बघतच म्हणाल्या, "पातळ जमतंय तुमाला. घट्टाचं काय मला ठावं न्हाय."

मामांनी मान वळवली. "काय?"

"काय काय? जन्मात आंबील तोंडाला लावली न्हाय तुमी. सासूबाई आसताना बी न्हाय. आन् येकायेकी रोज सकाळी वाटीभर मागायला लागला. ती घिऊन मोरीत जायचं, कडी लावायची. मोरीत बसून आंबील कोन पितंय वो?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी काही सांगितलं नव्हतं.

"तिच्याकडं कशाला बगताव? ती पोर कवा बोलती का? फटीतनं बगितलं मी." मामींनी पदर सावरला. "मग मी येक दिस पातळ करत गेले, येक दिस घट्ट. काय नशिबात हाय कुनाला ठावं. दोनी जमाय पायजे की."

रिक्षा सिग्नलला थांबली.

"घट्टात गुठळ्या हुत्या," मामा म्हणाले.

"मुद्दाम ठिवल्या हुत्या," मामी म्हणाल्या.

दोघांच्या मध्ये फिल्मचं ते मोठं पाकीट उभं ठेवलेलं होतं. मामींनी ते उचललं, माझ्या मांडीवर दिलं आणि मामांकडे जराशा सरकून बसल्या.